तलवारीवरचा गंज

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या घराच्या जिन्यात एक तलवार टांगलेली असे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंचे पणजोबा रशियातले सरदार, झारच्या फौजेतले सेनापती. हे कळल्यापासून पुण्याहून आलेले माझे सासरे येता-जाता तिला नमस्कार करत. ज्याच्या घरात तलवार तो आपलाच, असा त्यांचा हिशोब. पातं मात्र काळपट, गंजलेलं. "शस्त्राची ही दशा!" म्हणून ते हळहळत.

खंडेनवमीला त्यांनी माझा लॅपटॉप, सुऱ्या, सायकल सगळं पूजेला मांडलं आणि बाई बाहेर गेल्याचं पाहून तलवारही उतरवली. लिंबू, मीठ, तारेची घासणी. पातं लखलखीत झालं. मग हळदकुंकू, झेंडू.

बाई परत आल्या आणि दारातच किंचाळल्या. त्यांनी तलवार हिसकावली आणि पातं दगडी पायरीवर आपटत सुटल्या. अडवायला गेलेल्या सासऱ्यांचा तळहात फाटला, जिन्यावर रक्त ठिबकलं. मग त्या मटकन खाली बसून बोलू लागल्या आणि ते सगळं मला सासऱ्यांना मराठीत सांगावं लागलं.

सेनापती रजेवर घरी आले होते. त्यांचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने फौजेतून पळालेल्या आपल्या भावाला तबेल्यात लपवलं होतं. सेनापतींनी त्या भावाला गोळी घातली. मोतद्दार पाया पडत होता. त्याचे जोडलेले हात आधी तोडले, मग मान. पातं पुसायला आपल्या लहान मुलीला सांगितलं. ती बाईंची आजी. तिने पुसलं नाही, म्हणून चाबकाचे फटके खाल्ले. पुढे देश सोडताना तिने तलवार चोरून आणली. हे पातं कुणी कधी पुसायचं नाही, एवढीच तिची ताकीद होती.

"त्या मोतद्दाराचं एवढंच उरलं होतं," बाई म्हणाल्या.

सासरे म्हणाले, "सूनबाई, त्याचं नाव विचार."

मी विचारलं.

"सेनापतींच्या घोड्यांची नावं आम्हाला पाठ आहेत. त्याचं कुणालाच माहीत नाही."

मला त्या सरदाराचा असा संताप आला, की तो समोर असता तर मीच त्याच्या अंगावर धावून गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे हाताला फडकं गुंडाळून बाल्कनीत उभे होते, काळे तीळ घालून पाणी सोडत.

"बाबा, आज दसरा आहे. आज कसलं तर्पण?"

"नाव माहीत नाही, तर तिथी कुठून आणू?"

पाणी फडक्यातून लाल होऊन खाली पडत होतं.