मुलींचं घर हलवायचा ठराव

पहिल्यांदा निवडून आले तेव्हा प्रभागात मला ओळखत नाही असं घर नव्हतं, कारण सगळ्यांचं पीठ माझ्याच गिरणीतून जायचं. दळण ठेवून बायका बोलत बसायच्या, आणि मी ऐकत राहायचे. त्यामुळे पालिकेच्या सभागृहात बसताना मला धाकधूक वाटली नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरची भाकरी मला माहीत होती.

पहिला मोठा विषय आला तो मुलींच्या घराचा. आमच्या पाखाडीच्या, म्हणजे उतारावरच्या दगडी वाटेच्या, पायऱ्या उतरलं की पालिकेचा जुना दवाखाना लागतो, चिऱ्याची बैठी इमारत. दवाखाना कधीच बंद झाला. तिथे एक संस्था मुलींना सांभाळते. ज्यांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत अशा. कोणी शाळेत जाणारी, कोणी कॉलेजात, एक नर्सिंग शिकणारी. छप्पर गळत होतं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. तेव्हा शहराबाहेर हातखंब्याच्या वाटेवर पालिकेची जागा पडून आहे, तिथे नवीन घर बांधून मुलींना हलवावं असं ठरत होतं.

नगराध्यक्ष मला म्हणाले, "तुमच्या प्रभागातला विषय आहे, ठराव तुम्हीच मांडा. लोकही खूश होतील."

मी आधी जागा बघून आले. मोकळं रान, कडेला काजू, मैदान होईल इतकं सपाट. मला मनापासून आवडली. गिरणीत मी सगळ्यांना सांगूनही टाकलं की मुलींचं भाग्य उजळणार.

मग मुलींना सांगायला गेले. अधीक्षिकाबाईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. लहान मुलींनी झोपाळा असेल का म्हणून विचारलं. मी असेल म्हटलं. नर्सिंगवाली, संगमेश्वरकडची मुलगी, भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "काकू, तिथे शेजारी कोण?"

"शेजारी असं कोणी नाही. शांत आहे अगदी."

"मग नको."

"अगो, इथले शेजारी तर तुमच्याबद्दल तक्रारी करतात."

"करतात ना. समोरचे आजोबा रोज ओरडतात. पण मागे एकदा माझी बस चुकली, यायला उशीर झाला, तर कुंपणाच्या गडग्यापाशी उभे होते. 'उशीर का गो आज?' म्हणाले. तिथे मला कोण विचारणार?"

अधीक्षिकाबाईंनी चहा आणला. तो घेताना मी बाकीच्या मुलींना एकेक विचारत गेले. एकीला क्लास जवळ हवा होता, एकीची मैत्रीण याच आळीत राहायची. झोपाळा हवा असणाऱ्या दोघीतिघी सोडल्या तर जायचं कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या आजोबांकडे गेले. माणूस उभं आयुष्य बोटीवर, इंजिनरूममध्ये काढलेला. मी विचारलं, "काका, मुलींना हलवा अशी तक्रार तुम्ही केलीत ना?"

"मुलींना?" ते खुर्चीत ताठ झाले. "मी मोटार हलवा म्हटलं. त्यांची पाण्याची मोटार माझ्या उशाशी आहे. बेअरिंग गेलंय तिचं. पालिकेत चारदा जाऊन सांगितलं. पोरी कशाला हलवता?"

सगळेच काही त्यांच्यासारखे नव्हते. पाखाडीवरच्या एका घराला या मुली शेजारी नकोच होत्या. त्या घरच्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "पुढच्या वेळी मत मागायला आमच्याकडे येऊ नका."

मी म्हटलं, "येणार. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

सभेच्या दिवशी माझं नाव पुकारलं, तेव्हा मी उठून सांगितलं की मी ठराव मांडत नाही. घर आहे तिथेच ठेवून इमारत दुरुस्त करावी. नगराध्यक्षांनी चष्मा काढला. "जागा तर तुम्हीच पसंत केली होतीत."

"केली होती. जागा चांगलीच आहे. पण तिथे राहायचं मुलींना आहे, आणि त्यांना शेजार हवाय."

मागून कोणीतरी हसलं. मी थांबले नाही. म्हटलं, इथे त्यांना रिक्षावाले ओळखतात, मासळीवाली नावाने हाक मारते, एखादी दिसली नाही तर चौकशी होते. आपल्या पोटच्या मुलीला आपण रानात एकट्या घरात ठेवू का? हे बोलताना माझा आवाज चढला होता, आणि मी तो मुद्दाम खाली आणला नाही.

लोकांसाठी ठेवलेल्या बाकांवर आजोबा येऊन बसले होते. तिथून बोलायची परवानगी नसते. तरी ते उभे राहून म्हणाले, "आणि मोटारीचं काय?" सगळं सभागृह हसलं, नगराध्यक्षसुद्धा. विषय त्या दिवशी पुढे ढकलला. मधल्या काळात मी एकेका सदस्याला मुलींच्या घरी घेऊन गेले. पुढच्या सभेत दुरुस्ती मंजूर झाली, थोडक्या मतांच्या फरकाने का होईना.

काम ठेकेदाराने बोलल्यापेक्षा बरंच लांबवलं. तोवर मुली पालिकेच्या शाळेच्या रिकाम्या वर्गांत राहिल्या, आणि त्यांचे हाल झाले हे मी लपवणार नाही. पण कौलं नवी झाली, न्हाणीघरं वाढली. मोटारही नवी आली, ती दुसऱ्या अंगाला बसवली. रानातली ती जागा अजून तशीच पडून आहे.

नर्सिंगवाली शिकून इथल्याच एका दवाखान्यात लागली. संस्थेत राहायचं वय उलटल्यावर तिला ते घर सोडणं भाग होतं, तेव्हा वरच्या आळीत खोली बघायला मी तिच्यासोबत गेले. घरमालकीणबाई म्हाताऱ्या होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, "कुणाची गो तू?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पण तीच आधी बोलली. "जुन्या दवाखान्यातली, आजी. पाखाडीखालची."

"असं होय," घरमालकीणबाई म्हणाल्या. "पाणी सकाळीच येतं हो. लवकर उठून भरून ठेवायला लागेल."

"उठते मी," ती म्हणाली, आणि चपला काढून खोली बघायला आत गेली.