डबा त्यांचा, प्रोग्राम माझा

अड्याळला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. मशीनं मात्र नवऱ्याने जोडलेली. नागपूरहून सुटे भाग आणायचे आणि मागच्या खोलीत बसून जुळवायचे. मी स्क्रूड्रायव्हरला हात लावत नसे, ते की-बोर्डला लावत नसत. संसाराची वाटणी अशी झकास झाली होती.

मशीन अडकलं की भांडण ठरलेलं. मी हाक मारायची, "अहो, तुमचा डबा बसला!"

"डबा ठीक आहे वं. तुह्या प्रोग्रामनंच काही केलं असन."

मग क्लासातल्या पोरींच्या देखत झाकण उघडायचं. धानाच्या चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत आतल्या पंख्यावर इतका भुसा साचे की कोंबडीनं खुशाल अंडं घालावं. एखाद्या पोरीकडून खोडरबर मागून ते मेमरीची पट्टी घासायचे, फुंकर मारून परत बसवायचे. मशीन सुरू झालं की माझ्याकडे असं बघायचे, जणू विहिरीला पाणी लागलं. कधी दोष प्रोग्रामचा निघे, तेव्हा तोंड पाडून बसायची पाळी माझी. पोरी शिकायला कमी आणि हे बघायला जास्त येत, अशी मला दाट शंका आहे.

क्लास बंद झाला. मी आता गावातल्यांच्या लग्नपत्रिका टाइप करून देते. त्यासाठी लेकीनं पुण्याहून नवं मशीन पाठवलं. ज्या कंपनीचा प्रोग्राम मी जन्मभर शिकवला, तिनंच आता डबाही बनवला होता. नवऱ्यानं तो उलटापालटा करून पाहिला. उघडायला जागाच सापडेना.

"प्रोग्राम बनवते ना, मंग तेच बनवावं. डब्यात कायले हात घालून राहिली?"

मी कंपनीची बाजू घेतली. दोन्ही एकाच हातचं असलं की दोष कुणाचा हा घोळच उरत नाही, असं बाईंच्या सुरात समजावलं.

"मंग भांडाचं कोनासंग?" ते म्हणाले.

मी हसले. मशीन खरंच उत्तम आहे. तापत नाही, अडकत नाही. कंपनीनं केलं ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणेन. पण रोज दुपारी ते दारात येऊन विचारायचे, "काही बिघडलं काय वं?" मी नाही म्हणायची. ते थोडा वेळ तिथेच उभे राहायचे आणि परत मागे जायचे. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी मी नव्या मशीनवर कापड टाकलं आणि जुनं टेबलावर घेतलं. लेक फोनवर चिडली, "आई, नवं असताना ते खटारं काहून?"

दुपार कलली की जुनं मशीन हमखास अडकतं. मी हाक मारते, मागच्या खोलीत खुर्ची सरकते. खोडरबर मी आधीच काढून ठेवते.