म्हाताऱ्याचं बारकं काडतूस

साठच्या दशकात जर्मनीत ब्योब्लिंगेनला शिकताना मी एका बंदुकीच्या दुकानाच्या माडीवर राहायचो. एका सकाळी तिथे एक म्हातारा शिकारी आला. टोपीत हिरवी डहाळी, उजवा खांदा दुखावलेला. डॉक्टरांनी दणका देणारी बंदूक बंद केली होती, म्हणून आता हलकी घ्यायची होती. त्याने काउंटरवर काडतुसं वधूपरीक्षेसारखी रांगेत उभी केली आणि सगळ्यांत बारकं उचललं. मी जिन्यावर बसून हे नाटक पाहत होतो.

"कायद्यानं हे फक्त लहान हरणाला चालतं," दुकानदार म्हणाले. "मोठ्याला साडेसहा मिलिमीटरच्या खाली नाही. मग जंगलातला तुमचा तो शिंगवाला नर मारायचा राहिलाच की."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारा म्हणाला. "दहा वर्षं चकवतोय. जिंकला म्हणायचा."

तिकडचे शिकारी मारलेल्या हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी ठेवतात. म्हाताऱ्याने टोपीतली डहाळी काढून आपल्या जुन्या, जाड काडतुसाच्या टोकाशी अलगद ठेवली. मग नवी बंदूक डाव्या खांद्याला लावून बघितली आणि खूश झाला.

दारातून वळून मला म्हणाला, "त्या शिंगवाल्याला यातलं काही सांगू नका. पळत राहू दे, तब्येत चांगली राहते."