अठरावी काडी

गारपीट झाली त्या संध्याकाळी अकोल्याला माझा फोन वाजला. आईचा आवाज आनंदाने थरथरत होता. "ये वं लवकर. तुझ्या बापाच्या खोलीची चाळणी झाली!"

आता ही खोली म्हणजे काय, ते सांगते. अमरावतीच्या आमच्या घराच्या गच्चीवर टिनाचं छप्पर घातलेली एक खोली आहे. भूमितीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांनी तिथे आपलं राज्य थाटलं. जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास, बंद पडलेले तीन रेडिओ आणि दुपारी आडवं व्हायला एक खाट. शहात्तराव्या वर्षीही दिवसातून दहादा जिना चढणाऱ्या या राजाला खाली उतरवायचं, हा आईचा जुना पण. आणि आता आवळ्याएवढ्या गारांनी तिची बाजू घेतली होती.

मी दुसऱ्या दिवशी पोचले तोवर तह झाला होता. बाबांनी छप्पर दुरुस्त करून घ्यायचं, पण...

"पहिल्या पावसात एक थेंब जरी आत पडला ना, तं हे टिन भंगारात आन् तुमी खाली," आई म्हणाली.

"मंजूर," बाबा म्हणाले, पानिपतावर निघालेल्या सरदाराच्या थाटात.

भर दुपारी त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. अंधारात जमिनीवर उन्हाचे कवडसे चमकले. गंजलेल्या टिनाला गारेने जिथे जिथे भोक पाडलं होतं, तिथून एकेक. मोजले, तर सतरा! बाबा खडूने प्रत्येकाभोवती वर्तुळ काढत गेले, भिंतींपासूनची अंतरं मोजत गेले आणि आलेखाच्या कागदावर त्यांनी इतका सुबक नकाशा उतरवला की मला वाटलं, संपलं, आई हरली.

चार वाजता टिनाचं काम करणारे मिस्त्री आले. त्यांना सगळा मोहल्ला चाचा म्हणतो. डांबराचा डबा आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन ते वर चढले. बाबा खोलीतून गरजले, "उत्तरेच्या भिंतीपासून चार फूट दोन इंच, पूर्वेकडून सात फूट!"

गारांनी सगळ्या टिनाला पोचे पडलेले. त्या खड्ड्यांत बारीक भोक वरून काय ओळखू येणार?

"इथं तं काई दिसत नाई, गुरुजी."

"दिसत नसलं तरी आहे. लावा!"

तीन ठिगळं लागली. खोलीतला एकही कवडसा विझला नाही. उलट सगळेच आपापली वर्तुळं सोडून पूर्वेच्या भिंतीवर चढून बसले होते. चाचांनी छपराच्या कडेवरून दारात डोकं लोंबकळवलं. एकदा जमिनीवरची वर्तुळं पाहिली, एकदा भिंत पाहिली, आणि असे हसले की डांबराचा डबा कलंडता कलंडता राहिला.

"गुरुजी, सूरज काय तुमच्या वर्गातला आहे का? बस म्हटलं का बसून राहते?"

उभा जन्म कोन शिकवण्यात घालवलेला माणूस! मी पोट धरून खाटेवर कोसळले. दारातली आई मात्र हसली नाही. बाबांच्या हातातला कागद हळूहळू खाली गेला होता, तिकडे ती बघत होती.

"खराटा द्या, भाबी," चाचा म्हणाले. "खालून एकेका भोकातून काडी घाला. वर निघाली का मले बरोबर दिसते."

मग मी स्टुलावर आणि चाचा टिनावर. सतरा काड्या निघाल्या, छप्पर साळिंदरासारखं दिसू लागलं. चाचा एकेक काडी उपसत तिथे डांबरपट्टी चिकटवत गेले. पहिली तीन ठिगळं मात्र त्यांनी काढली नाहीत. "राहू द्या," जाताना म्हणाले, "गुरुजींच्या गणिताची आठवण."

पंधरा दिवसांनी पुन्हा आभाळ भरलं. हा निकाल मी चुकवते की काय? पावसाचा अंदाज ऐकून अकोल्याहून आदल्या दिवशीच येऊन बसले होते. पाऊस टिनावर तडतडायला लागला आणि आम्ही तिघं खाटेवर माना वर करून बसलो. बाबांच्या मांडीवर तोच आलेखाचा कागद.

अर्ध्या तासाने टपकन एक थेंब आईच्या मनगटावर पडला. मी पाहिला. बाबांचे डोळे समोरच्या कोपऱ्यावर खिळलेले होते.

आईने पदराने मनगट पुसलं. मग दुसरा थेंब खाटेवर न पडता आपल्याच पाठीवर पडावा इतकी सरकून बसली.

"कोरडं आहे," तिने जाहीर केलं. "राहा बाप्पा वरच."

बाबा विजयाने एवढे फुलले की त्यांनी एक रेडिओ सुरू करून पाहिला. अर्थात तो लागला नाही.

सकाळी टाकीत पाणी किती आहे ते बघायला मी शिडी चढले. खालच्या टिनावर, खाटेच्या अगदी वर, खराट्याची एक काडी ताठ उभी होती.

स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चाचाले फोन लाव. आन् तुझ्या बापाले सांगू नको."