शून्याची परवानगी

माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींनी बॉयलर पाहिला, आणि बॉयलर तपासायला आलेल्या साहेबांनी माझी बहीण पाहिली. यात फोनचा काही दोष नव्हता. फोनची सगळी व्यवस्था मी ठरवली होती.

एकाहत्तर साल असावं. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात मी कारकून होतो. ऑफिसात नवा टेलिफोन बोर्ड आला. दोन आकडे फिरवले की हवा तो विभाग. आधी शून्य फिरवलं की बाहेरची लाईन. कुणाला कोणता आकडा आणि कुणाला शून्याची परवानगी, हे ठरवून फिटरला सांगायचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्यावर टाकलं. कारण मी बी.एस्सी. नापास होतो. (बाकीचे तिथवर पोचलेच नव्हते!)

अधिकार डोक्यात जायला वेळ लागत नाही. ज्या हेडक्लार्कनं माझी दिवाळीची रजा नाकारली होती, त्याचं शून्य मी पहिल्याच दिवशी बंद केलं. मला मात्र टेबलावरही शून्य आणि क्वार्टरवरही शून्य! शेवटी फिटरनं विचारलं, "ऑपरेटर संध्याकाळी घरी गेला की बाहेरून येणारे फोन कुठं वाजवायचे?"

साहेबांना बंगल्यावर कटकट नको होती. मला रुबाब हवा होता.

"माझ्या क्वार्टरवर," मी म्हणालो.

"तुम्ही घरी नसलात तर?"

"आई आहे की!"

फिटरनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि स्क्रू आवळला.

आईनं आयुष्यात फोन उचलला नव्हता. पण आलेल्या माणसाशी कसं बोलावं हे तिला शिकवायची गरज नव्हती, आणि तिच्या लेखी फोनवरचा माणूस म्हणजे दारात आलेलाच माणूस.

त्या शनिवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या, स्थळाकडून फोन यायचा होता. सोनईचं बागाईतदार घर. उद्या येणार असू तर संध्याकाळी कळवतो, म्हणाले होते. मी राहुरीहून बाजार घेऊन परतलो, तर आई उंबऱ्यातच उभी.

"आला बग फोन! उद्या धा वाजता येत्यात. पाच जन."

"काय म्हणाले?"

"लई नीट बोलला मानूस. म्हनला, हापिसात येऊ का? म्या म्हनलं, हापिसात कशाला, घरी या की! मंग म्हनला, समदं नीट बघूनच काय ते सांगू. म्या म्हनलं, बगा की! आमच्याकडं लपवायसारखं काय बी न्हाई."

"अजून?"

"काय कुरकुर हाय का, म्हनून इचारलं. म्हनलं, आजपातुर एक दिस कुरकुर न्हाई."

मला भरून आलं. मंदा आत तांदूळ निवडत होती. तिनं काही विचारलं नाही. तिला तर कुणी कधीच काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली. पाचही जण पँटवाले! सोनई एवढी सुधारली? मी त्यांना सतरंजीवर बसवलं. मंदा पोहे घेऊन आली तसे त्यांच्यातले चष्मेवाले वडीलधारे चक्क उठून उभे राहिले. (मुलीला पाहून उठणारा सासरा मी प्रथमच पाहत होतो!)

"अहो, कशाला हा त्रास? काय शिकलात तुम्ही?"

"मॅट्रिक."

"आणि पुढं?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. "पुढं दादानं थांबवलं."

"बरं, पण तुम्हाला काय करायचंय?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणी उच्चारलाच नव्हता. मंदानं बशी खाली ठेवली.

"नोकरी करायचीय. टायपिंग शिकलेय मी, मैत्रिणीकडं."

मला हे नवीनच! आईनं कपाळाला हात लावला.

"मग करा की," ते सहज म्हणाले आणि रुमालानं हात पुसले. "चला, आता बॉयलर दाखवा."

"दाखवतो. पण आधी मुलीचं काय ते सांगितलं असतं तर..."

"कुणाच्या मुलीचं?"

पुढचं सांगायला नको. त्यांना घेऊन मी बॉयलरकडं धावलो. बॉयलरची तपासणी कधीही होणार म्हणून बाहेरचे पाहुणे आले की थेट साहेबांकडं आणायचे, असा गेटवर हुकूम होता, आणि वॉचमननं तो पाळला होता! फोन लागेना म्हणून न कळवताच निघालेले सोनईचे पाच पटकेवाले नाश्ता उरकून बॉयलरपुढं उभे होते आणि मॅनेजरसाहेब घाम पुसत सांगत होते, "तापला की जरा आवाज करतो. वाफ सोडली की शांत!"

मुलाचे वडील अदबीनं म्हणाले, "त्ये समदं खरं, साहेब. पन पोरगी कवा दावनार?"

मग दोन्हीकडच्या पाहुण्यांची अदलाबदल झाली. घरी मुलाच्या वडिलांनी विचारलं, "सैपाक येतो का?"

"येतो," मंदा म्हणाली. "आणि मला नोकरीही करायचीय."

मंडळी "कळवतो" म्हणून उठली. आई माझ्यावर कडाडली, "तुज्या त्या फोननं पोरीचं लगीन मोडलं!"

"मोडलं नाही, आई," मंदा शांतपणे म्हणाली. "जुळलंच नव्हतं."

मी ओसरीवर जाऊन बसलो. ऑफिसात कुणी बाहेर बोलायचं आणि कुणी नाही, हे मी आठवडाभर ठरवत होतो. घरात मात्र हेच काम मी वर्षानुवर्षं करत आलो होतो, तेही फिटरशिवाय.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच मी आत गेलो.

"तपासणीवाले साहेब तुमच्या बहिणीचं कौतुक करत होते. आपल्याला टायपिस्ट हवीच आहे. पाठवता?"

"तिला विचारून सांगतो," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

मंदा रुजू झाली, माझ्या समोरच्याच टेबलावर. त्याच दिवशी फिटर माझ्या घरचा फोन काढून घेऊन गेला आणि ऑफिसात माझ्या टेबलावर नवा ठेवला. काळाभोर, चकचकीत, पण त्याला डायलच नव्हती!

"साहेबांचा हुकूम आहे," फिटर म्हणाला. "वाजला की उचलायचा. तुम्ही लावायचा नाही."

मंदानं मशिनवरून मान वर केली.

"दादा," ती म्हणाली, "आता तरी दुसऱ्याचं ऐकशील!"