हाताचा गुण

आमच्या यांना फेफरं यायचं. नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि मोताळ्याजवळच्या आमच्या गावात त्यावर एकच इलाज ठाऊक होता, वैद्यांच्या घरची ब्राह्मी आणि वेखंड. म्हाताऱ्या वैद्यांची नजर गेल्यापासून औषध त्यांची सून देत असे. माझ्याच वयाची, आणि माझ्याहून देखणी. खोटं कशाला बोलू?

फेफरं येऊन गेलं की हे कित्येक दिवस उदास. जेवणात लक्ष नाही, माझ्याशी धड शब्द नाही. तिच्या ओसरीवर मात्र मधात कालवलेलं वेखंड चाटताना हसायचे! वेखंड म्हणजे काय पेढा आहे? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी विहिरीच्या पाटाकडेची ब्राह्मी खुडून आणली, सहाणेवर वेखंड उगाळलं, मध तर तिच्यापेक्षा जास्तच घातला. यांनी वाटी बाजूला सारली. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या हाताले गुण नाही, बाई. तिच्या हाताले हाये."

भाकरी या हातांची, धुणं या हातांचं, फेफरं आल्यावर सावरायचं ते याच हातांनी. गुण तेवढा तिच्या हाताला.

मग मी यांच्यासोबत जायला लागले. ओसरीच्या खांबाला टेकून बसायची आणि तिच्या हातावरून नजर हलवायची नाही. एकदा तिनं चाटण पुढे केलं, तोच यांचे डोळे फिरले आणि हे कोसळले. तिनं आजवर फेफरं नुसतं कानांनी ऐकलेलं असावं. वाटी टाकून, किंचाळत ती आत पळाली. मी यांना कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंडाचा फेस पुसला. जीव घाबरा झाला होता, तरी आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कुठे गेला गं तुझा गुण?

बऱ्याच वेळानं यांनी डोळे उघडले. मला पाहिलं, आणि हळूच विचारलं, "तिनं पाह्यलं काय वं?"

"नाही जी," मी म्हटलं.

लग्नापासून दर वेळी मीच पाहत आले होते. माझ्यासमोर यांना कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी मला ती लाजसुद्धा हवी होती.