नुसतं बघायचं

आल्प्समधल्या रेल्वेचा नकाशा गेले तीन हिवाळे आमच्या जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली आहे. आम्हां दोघांनाही स्कीइंग येत नाही आणि आता शिकायचंही नाही. गाडीत खिडकीशी बसायचं आणि बर्फ नुसता बघायचा, एवढाच बेत. कोणत्या बाजूला बसलं की दरी दिसते, तेही मी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

आज काचेवर आमटी सांडली. पुसता पुसता मी यांना विचारलं, "या डिसेंबरात जायचं का?"

"बघू," हे पेपरातूनच म्हणाले.

"'बघू' नको. हो की नाही ते सांगा."

"आईचं कोण बघेल?"

सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. मी काच पुसत राहिले. पण मनात आलं, काय हा शब्द आहे. डोंगर बघायचे आणि घरातल्या माणसाचंही बघायचंच. पहिलं बघणं बसून होतं. दुसऱ्यात बसायला मिळत नाही. आणि 'बघू' म्हटलं की दोन्ही बाजूंनी दार बंद, वर कोणी 'नाही' म्हटल्याचा पुरावाही नाही. मला या शब्दाचा मनापासून राग आला.

तेवढ्यात आतून हाक आली. हातातलं फडकं तसंच घेऊन, जरा धुसफुसतच मी आत गेले.

"त्या कुशीवर वळव गं मला," सासूबाई म्हणाल्या. "या बाजूने नुसती भिंत दिसते."